चौकातलं लिंबू

बैलाला हात जोडून गाडीवानाला शिव्या घालणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली ही गोष्ट. अमरावतीच्या बाजाराशी चार रस्ते मिळत, तिथे कापसाच्या गाड्या अशा घुसत की पायी माणसाने पलीकडे जायचं म्हणजे जिवाशी खेळ. मामा त्याच चौकाच्या कडेला भाजी-फुलं घेऊन बसत. पण त्यांचं लक्ष टोपलीत कधी नसेच. एखादी म्हातारी रस्त्याच्या कडेला घुटमळताना दिसली की गिऱ्हाइकाची वांगी अर्धवट तोललेली टाकून ते धावत, बैलांपुढे हात जोडत आणि वर बघून ओरडत, "याईले समजते, तुले कावून समजत नाई रे?"

हे वेड त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरातसुद्धा ते उंबरठ्यात थांबून दोन्हीकडे बघत आणि मगच ओसरीवर पाऊल टाकत. आमच्या लग्नात त्यांनी पंगतीतले वाढपी अडवले. "भातवाले इकून जा, वरनवाले तिकून या! मधात कोनी शिरू नोका!" सगळा मांडव हसला आणि मी नवरदेव असून मान खाली घालून बसलो. त्या पंगतीत कुणाच्या अंगावर वरण सांडलं नाही, हे मात्र मी तेव्हा कबूल केलं नाही.

हात जोडून, ओरडून काही होईना, तेव्हा मामांनी वेगळीच युक्ती काढली. उजाडलं की ते चौकाच्या मधोमध चिरलेलं लिंबू, कुंकू आणि बिब्बा ठेवून येत. दृष्ट काढून टाकलेल्या उताऱ्यावरून गाडी घालायची छाती आमच्याकडे कुणाची नाही. गाडीवान लांबूनच कासरे ओढत, एकेक करून कडेने वळत, आणि तेवढ्यात बायाबापड्या सुखरूप पलीकडे जात.

"मामा, कोनाची दिठ काढली?" मी एकदा विचारलं.

ते कानाशी लागले. "कोनाचीच नाई, जवाईबापू. आपल्याच वाडीतलं लिंबू हाय. पन कोनाले सांगजा नोका."

आणि मी सांगितलं. वलगावहून तीन गाड्या कापूस घेऊन आलो होतो. उशीर झाला होता, बाजारात दुसऱ्यांचा माल आधी उतरेल म्हणून जीव खालीवर होत होता. चौकात माझा गाडीवान थांबला. "मालक, उतारा हाय. मी नाई नेत."

"कायचा उतारा?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो. "आमच्या मामाच्या वाडीतलं लिंबू हाय ते! हान गाडी!"

मागचे गाडीवान खो खो हसले. मीही हसलो. मग सगळ्याच गाड्या एकदम सुटल्या. मामा तेव्हा पलीकडून एका म्हातारीचा हात धरून निघाले होते. घुंगरांच्या गोंगाटात त्यांना माझा आवाज ऐकू गेला नाही. त्यांनी म्हातारीला बाजूला ढकललं आणि चाक त्यांच्या पायावरून गेलं. गाडी माझीच होती.

मामा पुन्हा धड चालले नाहीत. मी बाजेशी बसलो की म्हणत, "लिंबू वाळेल होतं वाटते, जवाईबापू. ताजं ठेवाले पायजे होतं. माहाच आळस नडला."

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "असंल, मामा."

त्यानंतर दर बाजाराला ते वाडीतलं सगळ्यात रसरशीत लिंबू निवडून माझ्या हातात देत. मी ते चौकात नेऊन ठेवी. आता सगळ्यांना गुपित ठाऊक होतं, पहिलीच गाडी त्याचा चेंदा करून जाई. मी मेल्याहून मेला होऊन बघत राही. परत आलो की मामा बाजेवरून मान उचलून विचारत, "थांबल्या का गाड्या?"

"थांबल्या, मामा," मी म्हणत असे.

मग ते समाधानाने डोळे मिटत, आणि मी उठून बाहेर जात असे.