मामांचा मुरूम

आमच्या थोरल्या मामांइतका थकलेला माणूस मी उभ्या वऱ्हाडात पाहिला नाही. सकाळी उठताना ते थकलेले असत, आंघोळ करून येताना थकलेले असत, आणि पाटावर जेवायला बसताना तर इतके थकलेले असत, की आता घास तोंडापर्यंत पोचतो की वाटेतच थांबतो अशी पाहणाऱ्याला काळजी वाटावी. ‘थकलो बापा मी आता. माह्याच्यानं काई होत नाई,’ असं म्हणतच ते उठत, म्हणतच फावडं हातात घेत आणि म्हणता म्हणता दोन गड्यांचं काम उरकून पुन्हा थकायला मोकळे होत. या साऱ्या थकव्याचं मूळ होतं त्यांच्या घरापुढचा मुरमाचा रस्ता.

रस्ता म्हणजे काय, तर इंझोरीकडून मानोऱ्याला जाणाऱ्या गाडरस्त्यापासून मामांच्या ओट्यापर्यंतचा एक चढ, एक बैलगाडी जेमतेम मावेल एवढा. गाव सगळं काळ्या मातीत उभं. पावसाळ्यात ती माती पायाला अशी धरायची, की वहाण तिथंच ठेवून माणसानं पुढं जावं. लग्नानंतर मामी पहिल्यांदा माहेराहून परतल्या त्या भर श्रावणात, आणि गाडीतून उतरल्या त्या थेट गुडघाभर चिखलात. नवी नवरी ओट्यापर्यंत रडत आली. पाऊस उघडल्यावर मामांनी बरडावरून गाड्या भरभरून लाल मुरूम आणला, अंथरला, पाणी मारून धुमसानं ठोकठोकून बसवला, आणि जन्माचं दुखणं मागे लावून घेतलं.

कारण मुरूम एकदा टाकून भागत नाही. दर पावसाळ्यात वरच्या वावरातली माती वाहत येऊन त्या रस्त्यावर बसायची. दसऱ्याच्या सुमारास मामा ती खरवडायला घेत, आणि मातीबरोबर निम्मा मुरूमही निघून येई. दुसऱ्या कुणीही तो गाळ बाजूला लोटून नवा मुरूम आणला असता. मामा ढेकळं वाळू देत, मोगरीनं फोडत, आणि ओट्यावर बसून त्यातले लाल खडे वेचत. ओट्याच्या एका टोकाला मामी सुपात डाळ निवडताहेत आणि दुसऱ्या टोकाला मामा सुपात मुरूम, हे आमच्या घराचं दिवाळीचं दृश्य. ‘तुमच्या सुपातलं माह्या सुपात येऊ देऊ नोका,’ मामी मान वर न करता म्हणत. मी अकोल्याहून दिवाळीच्या सुटीत तिथं जाई तो चार घास सुखाचे खायला, आणि पहिल्याच सकाळी माझ्या डोक्यावर टोपलं येई. ‘तू तं जवान हायेस. मी थकलो,’ मामा म्हणत. संध्याकाळी माझी पाठ धरलेली असे आणि हे थकलेले गृहस्थ खालच्या टोकाला धुम्मस आपटत असत.

रस्ता झाला की त्याची राखण आली. शेजारच्या कोंबड्या उकरतात म्हणून मामा खडे घेऊन ओट्यावर बसत, आणि कोंबडीला मारलेला खडा चांगल्या मुरमाचा होता हे ध्यानात आलं की तो आणायला उठत. मामींच्या मेथीच्या वाफ्यात जाऊन पडलेले खडे ते वाकून वाकून शोधत. गाडीला तर त्या चढावर मज्जावच. एकदा कारंज्याचे एक जैन शेठजी कापसाच्या बोलणीसाठी दमणीतून आले. मामांनी खालीच हात आडवे करून दमणी थांबवली. अंगानं भरलेले शेठजी चढ चढून आले आणि घाम पुसत म्हणाले, “पाटील, मग हा रस्ता केला कशासाठी?”

“चालाले केला, शेटजी. चाकानं उखडते.”

मामांनी त्यांना गूळपाणी दिलं, बोलणी केली, आणि शेठजी खाली जाऊन दमणीत बसतात न बसतात तोच खराटा घेऊन त्यांच्या पावलांच्या खुणा सारख्या करायला घेतल्या. शेठजी दमणीतून वळून वळून पाहत होते.

एका वर्षी पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत लांबला. मामांची धाकटी लेक वच्छला पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला मानोऱ्याजवळच्या सासरहून आणायची होती. पण गाडरस्ता गाडीजोगा होईना म्हणून आज-उद्या चाललं होतं. मध्ये थोडी उघडीप मिळाली तशी मामांनी मला राबवून घेऊन रस्ता ठोकून घेतला. दुसऱ्याच दिवशी सकाळी पुन्हा सर येऊन गेली, आणि दुपारी खालून आरोळी आली. उघडीप पाहून वच्छलाचा दीर तिला गाडीतून घेऊन आला होता. चढाच्या अगदी तोंडाशी गाडी आसापर्यंत चिखलात रुतली होती आणि बैल गुडघ्यांवर आले होते.

“मामाजी, वयनीले वाटेतच कळा सुरू झाल्या!” तो ओरडला. “गाडी हालून नाई राह्यली!”

मामी चिखल तुडवत गेल्या आणि गाडीत चढल्या. आम्ही वच्छलाला उचलून आणायला हात घातले, तर ती अशी किंचाळली की हात आपोआप मागे आले. “हलवू नोका तिले!” मामी म्हणाल्या. “गाडीच वर घ्या!” आम्ही चाकांखाली कापसाच्या पऱ्हाट्या टाकल्या, पोती टाकली, चिखलानं सगळं गिळलं. त्या काळ्या रानात दगड म्हणाल तर शोधून सापडत नाही.

मामा आपल्या रस्त्याच्या टोकाशी उभे होते. ते वळले, धावत गेले, कुदळ घेऊन आले आणि पहिला घाव त्यांनी रस्त्याच्या मधोमध घातला.

“मामाजी, अवो, हा तर कालच—” मी म्हणालो.

“पाहत कायले राह्यला बे? टोपलं भर!”

ठोकून बसवलेला मुरूम सहज निघत नाही. प्रत्येक घावाला मामांचं सारं अंग हादरत होतं. मी टोपली भरून वाहत होतो, दीर चाकांखाली ओतत होता. बरीच टोपली गेली तेव्हा कुठं चाकानं धर घेतला. मामांनी बैलाची वेसण धरली, कधी नव्हे ती त्याला लाडानं साद घातली, आणि गाडी करकरत चढ चढली. मागे रस्त्यात दोन खोल चाकोऱ्या उमटत गेल्या.

सुईण आली. दार लागलं. मामा ओट्यावर चिखलाच्या हातांत तोंड धरून बसले. आतलं ओरडणं थांबलं, पण बाळाचं रडणं ऐकू येईना. मामांनी माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट, की सोडवावंसं वाटलं तरी मी सोडवलं नाही. मग आतून बारीक टाहो आला. मामी दारात आल्या. “पोट्टी झाली. दोघी बी बऱ्या हायेत,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता टोपलं घेतलं. “राहू दे,” मामा म्हणाले. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कुदळीनं काहीतरी कायमचं निखळलं होतं. वैद्यांचे लेप झाले, शेक झाले, हात तसाच राहिला. हिवाळाभर ते नातीला डाव्या हातावर घेऊन ओट्यावर बसत. कोंबड्या उकरत, गाड्या येत-जात, खड्ड्यांत धूळ साचे. मामा नातीच्या मुठी उघडून पाहत असत.

होळीला मी गेलो तेव्हा वच्छला सासरी निघाली होती. गाडी चढ उतरली. मामा चाकाला हात लावून बरोबर चालू लागले. गाडरस्त्यापर्यंत गेले, तिथं थांबले नाहीत. मामी बराच वेळ दारात उभ्या होत्या. शेवटी मला म्हणाल्या, “जाय बाबू, घेऊन ये त्याईले.”

मामा पुढं एका बांधावर बसले होते. मी म्हटलं, “चला, मामाजी, ऊन झालं.”

“चालतो,” ते म्हणाले. “बस जराकसा.”

मी शेजारी बसलो. मानोऱ्याच्या बाजूची धूळ केव्हाच खाली बसली होती.