भट्टी बंद पडली त्या दुपारी

फोन आला तेव्हा मी लातूरच्या क्लासमध्ये बारावीच्या पोरांना विद्युतधारा शिकवत होते. सुनंदा गेली... ध्यानीमनी नसताना. खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, इथंही ही पुढेच. महिना उलटला तरी त्या विचाराची लाज वाटते.

ती जळकोटची, मी देवणीची. नांदेडला पीएच.डी.साठी आम्ही एकाच प्रयोगशाळेत होतो. पुस्तकाप्रमाणे ज्यांतून वीज सहज वाहायला हवी, पण वाहत नाही, असे ऑक्साइड हा आमचा विषय. "इलेक्ट्रॉन एकमेकावर लई नजर ठेवून राहिलेत गं, म्हणून कुणीच हलंना," ती म्हणायची. नजर मीही ठेवून होते. तिचं अक्षर, तिचे प्रश्न, सरांनी आधी तिच्याकडे वळणं, सगळं सलायचं. खलात पावडर घोटायला बसली की दोन-दोन तास ती मान वर करायची नाही, आणि माझे हात दहा मिनिटांत भरून यायचे.

एका दुपारी पावडर दाबून केलेली तिची काळी गोळी भट्टीत होती. ती हळूहळू निवायला हवी होती. सुनंदा जेवायला गेली, लाईट गेली आणि गोळी भराभर निवली. लाईट आल्यावर मी भट्टी गुपचूप चालू केली आणि चकार शब्द काढला नाही. जाऊ दे तिची मेहनत वाया, असंच वाटलं मला. पण पुढे मोजमाप घ्यायला तीच गोळी बर्फाहून कितीतरी थंड केली, तेव्हा तिच्यातून एकाएकी वीज वाहू लागली. तशा आणखी गोळ्या करून सुनंदानं नाव कमावलं. तशाच पुन्हा कशा जमल्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी पीएच.डी. अर्धवट सोडून क्लास धरला. दर दिवाळीला "शकू, कशी हायस गं?" म्हणत तिचा फोन मात्र यायचा.

परवा तिचे यजमान तो खल आणि जुनी वही घेऊन आले. "ताई, हे शकूचं हाय, असं म्हणायची ती." वहीत त्या तारखेखाली लिहिलं होतं, 'दुपारी लाईट गेली होती, वॉचमननं सांगितलं. शकू बोलली न्हाई. बोलली असती तर मी गोळी फेकूनच दिली असती.'

म्हणजे इतकी वर्षं तिला ठाऊक होतं... मन मोठं करण्यातही तिनं मला मागे टाकलं. माफी मागायची एक संधी तरी ठेवायची होती. खलाच्या तळाशी काळा डाग आहे. आमचे हे म्हणाले, वेलदोडे कुटायला बरा आहे. मी तो कपाटात ठेवून किल्ली माझ्याजवळ ठेवली.