मधली रेघ

ती रेघ सुंदर होती, याचाच मला आज सर्वांत जास्त राग येतो.

ग्रामपंचायतीच्या सभेत पडद्यावर खाडीच्या पाण्याच्या शुद्धतेचा वर्षभराचा आलेख दाखवला. सहा नमुन्यांचे सहा ठिपके, आणि त्यांतून अलगद वळत गेलेली निळी रेघ. दर दोन ठिपक्यांमध्ये त्रिघाती समीकरणाचा एक तुकडा बसवायचा आणि तुकडे असे जुळवायचे, की सांधा कुठे दिसता कामा नये. कॉलेजात मी तीस वर्षं हेच शिकवलं. होडी बांधणारे सुतार खिळ्यांमधून लवचीक पट्टी वाकवून हेच करत. पण त्यांचं वळण चुकलं, तर होडी पहिल्याच दिवशी पाणी घ्यायची.

“पाणी वर्षभर ठीक आहे,” आलेख घेऊन आलेला प्रदूषण मंडळाचा अधिकारी म्हणाला.

खाडीतल्या खडकांवरच्या शिंपल्यांतली कालवं काढून घर चालवणाऱ्या पार्वतीकाकू उठल्या. “शिमग्याच्या आधी आमची सगळी कालवं मेली. तेव्हाचा ठिपका दाखवा.”

“तेव्हा नमुना घेतला नव्हता. पण रेघ बघा ना, मधे काहीच बिघडलेलं नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेघेला काय ठाऊक? तिला फक्त कमीत कमी वाकून पुढचा ठिपका गाठायचा असतो. ज्या दिवशी पाण्याकडे कुणी फिरकलंच नाही, त्या दिवसाची साक्ष द्यायला तिला उभं कुणी केलं?

काकूंनीही तेच विचारलं. “कुणी आलंच नाही, तर मधली रेघ काढली कशी?”

अधिकारी हसला. माझ्याकडे अभिमानाने हात करून म्हणाला, “हे आमचे सर. त्यांनीच शिकवलंय.”