टिनाखालची जागा

त्या दिवशी दुपारभर आम्ही दोघं नवरा-बायको पडवीत बसून वास्ते सोलत होतो. बांबूचे कोवळे कोंब, पावसाळ्यात जंगलातून आणतात. मी साल काढायचो, ती पातळ चिरायची. चिरून झाल्यावर तिनं ते मोठ्या गंजात पाणी घालून ठेवले. रातभर भिजले की कडूपणा जातो. भाजी उद्या.

हात चालत होते आणि तिचं तेच शेडाचं बोलणं सुरू होतं. गावाच्या स्मशानात पंचायतीनं टिनाचं शेड बांधलं. आमची बौद्ध वस्ती मात्र पहिल्यापासून नाल्याच्या काठी, उघड्यावर मढं जाळते. मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका म्हातारीला पुन्हा पुन्हा पेटवावं लागलं. ताडपत्री धरली, डिझेल ओतलं. जे पाहिलं ते लिहीत नाही. त्यानंतरच्या ग्रामसभेत ही उभी राहिली. बाया दाराशी बसतात, ही तिथूनच बोलली, "शेड सरकारी पैशाचं आहे, मंग आमचं मढं पावसापाण्यात कायले?" सभेनं ठराव केला, शेड सगळ्यांचं. टाळ्या वाजवल्या. पण वस्तीतलं कोणी तिथं नेलं नाही. पहिलं मढं कोण नेणार? आमचेच लोक म्हणत, उद्या गावातल्यांच्याच बांधीत धानाच्या रोवण्याला मजुरीनं जायचं आहे, भांडण कायले.

मी म्हटलं, "तुले मरायची एवढी घाई कायची?"

"माह्यासाठी कुठं? तुमच्यासाठी मांगून राहिली मी. तुमी ओलं लाकूड. पाण्यात पेटनच नाही."

आणि स्वतःच हसली.

दिवेलागणीला चुलीपाशी बसली आणि छातीत दुखते म्हणाली. लाखांदूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत राहिली नाही.

वस्ती जमली. पाणी सुरू झालं. माझा चुलतभाऊ म्हणाला, "सकाळी नाल्यावर नेऊ. ताडपत्री आहे माह्यापाशी."

मी म्हटलं, "शेडात."

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, अडवलं त? वहिनीले घेऊन रस्त्यावर उभं राहाचं का आपण?"

हीच भीती मलाही होती. जिवंतपणी दारात बसवलं, आता मेल्यावर रस्त्यात ठेवतील. तेवढ्यात सरपंचाचा फोन आला, कोणीतरी कळवलं असावं. "काकाजी, लय वाईट झालं. शेड तुमचंच आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण उद्याच्या दिवस नाल्यावर करा. लोकाइले समजवाले टाइम द्या."

"मढ्याले टाइम नसते साहेब," म्हटलं आणि फोन ठेवला. बोलणं तिचं काम होतं, माझं नाही.

सकाळी पाणी पडतच होतं. रातभर तिच्यापाशी बसलो होतो, उठून गंजातलं पाणी बदललं. काहून बदललं, माहीत नाही.

आमच्याकडे मयतीला घरटी एक लाकूड येते. वस्तीच्या सगळ्या घरचं आलं होतं, दारात ढीग होता. पण ते कुठं न्यायचं, हे कोणी विचारत नव्हतं. मी बंडी जुंपली, लाकडं भरली, वरून भावाची ताडपत्री टाकली. तो बघत राहिला. अडवलं नाही, सोबतही आला नाही.

स्मशानाच्या वळणावर गावातले दोघं छत्री घेऊन उभे होते. एकानं विचारलं, "कोणासाठी?"

"माह्या बायकोसाठी."

ते दोघं गावाकडे गेले. घरी गेले की माणसं आणायला गेले, कळलं नाही.

शेडाखाली जमीन कोरडी होती. जाड लाकडं खाली, बारीक वर, अशी रचली. कोणी आलं का म्हणून दर लाकडामागं वळून बघत होतो. रचून झाल्यावर बंडी तिथंच शेडाच्या तोंडाशी आडवी लावली, बैल खांबाला बांधले. कोणाला लाकूड काढायचं असेल तर आधी माझे बैल सोडावे लागतील.

मग तिला आणायला पायीच घरी निघालो.