मधल्या चोराच्या बाजूची चांदणी

नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर जायचं तर दिवे लागल्यावरच, तेही आधी दोन बादल्या पाणी मारून. मी पाणी मारायची, आई चटई अंथरायची आणि बाबा स्वतःपुरती उशी घेऊन यायचे. गेल्या मे महिन्यात मला ताऱ्यांचं वेड लागलं होतं. मोबाइल वर धरला की नक्षत्राचं नाव सांगणारं ॲप मी घेतलं होतं, आणि नव्या मास्तरणीचा सगळा उत्साह या दोघांवर काढत होते.

"पश्चिमेला टेकायला आलंय ते मृग. त्याच्या पोटात ओळीने तीन तारे, तो बाण. डोक्यावर सिंह. उत्तरेला सप्तर्षी, चार ताऱ्यांचा पतंग आणि तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीचा बाक तसाच पुढे ओढत न्या, तांबूस स्वाती लागते. आणखी पुढे पांढरी चित्रा."

"आमच्या गावात ऋषी-बिषी नाही," बाबा म्हणाले. "ते म्हातारीचं खाटलं आहे. मांगं तीन चोर लागले त्याच्या." नोकरीपायी बाबांचं सगळं आयुष्य नागपुरात गेलं, पण आकाश त्यांनी नरखेडकडचंच ठेवलं होतं.

"बरं, मग मधला चोर म्हणजे वसिष्ठ," मी म्हटलं. "त्याच्या अंगाला चिकटून बारीकशी चांदणी आहे, ती अरुंधती. त्याची बायको."

"चोराची बायको," आई म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. बाबा हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी बनियनला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"तुले दिसून राहिली?"

"हो, ती काय."

"मले नाही दिसत," म्हणाले आणि उशी घेऊन खाली गेले.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. नवल पुढे सुरू झालं. आमच्या कूलरला बाबांशिवाय कोणी हात लावायचा नाही असा घरचा कायदा. वाळ्याच्या ताट्या बदलणं, पंप साफ करणं, सगळं तेच करणार. त्यांनी रविवारी मला हाक मारली, हातात पाना दिला आणि म्हणाले, "शिकून घे वं. पुढच्या उन्हाळ्यात लागंल." मग पाण्याच्या टाकीचा कॉक कुठून बंद होतो ते दाखवलं. ऑपरेशनचा विषय काढला की एकच उत्तर, "आता काहून उगाच डोये फाडाचे?"

मी चिडले. राग माझ्या नाकावरच असतो. "काय चाललंय तुमचं? निरवानिरव केल्यासारखी?" असं ताडकन विचारलं, तेव्हा ते पान्याकडे बघत हळूच म्हणाले, "ज्याले अरुंधती दिसत नाही, तो सहा महिन्यांच्या वर जगत नाही. आमचा बुढा सांगे, तुहा आजा. त्याले दिसेनाशी झाली अन् दिवाळी नाही पाहिली त्यानं."

सरकारी ऑफिसात हयात घालवलेला माणूस हे बोलत होता. मला हसू यायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आलं नाही. ते खरंच घाबरले होते. मी मोतीबिंदू समजावला, शहरातल्या उजेडाचं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मले तं कधीच दिसली नाही."

"लग्नात पाहिली होती न तू," बाबा म्हणाले. "मी बाजूलेच उभा होतो."

"भटजीनं बोट दाखवलं. मले बोटच दिसलं. मांगून आत्या कोपर मारे, पंगती खोळंबल्या होत्या. मी म्हटलं, दिसली." तिने खडा उचलून बाजूला टाकला. "इतकी वर्षं झाली. मंग मी काय मरून राहिली का?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनी विचारलं ते मात्र वेगळंच. "बोटाच्या पुढचं काहीच नाही दिसलं?"

"चांदण्या म्हणजे पांढरा भुसा. साऱ्यांले तसंच दिसत असंल म्हटलं."

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. आई सुईत दोरा एका झटक्यात ओवायची, म्हणून तिच्या डोळ्यांबद्दल कुणाला कधी शंकाच आली नाही. बसची पाटी ती शेजारच्या बाईला विचारायची. इतवारी बाजाराच्या गर्दीत समोरून नातेवाईक आले तरी बोलायची नाही, म्हणून सासरी तिला "लय शिष्ट" म्हणत. ती शिष्ट नव्हती, तिला माणसंच दिसत नव्हती. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वतःहून शर्ट घालून तयार. डॉक्टरांपुढे बसल्याबरोबर म्हणाले, "माह्यं राहू द्या. आधी हिचे डोये पाहा." आईला लांबचा भलामोठा नंबर निघाला. निघता निघता बाबांनी आपल्या ऑपरेशनची तारीखही घेतली. न जाणो, पुन्हा बिथरायचे, म्हणून मी ती लगेच मोबाइलमध्ये नोंदवून टाकली.

चष्मा आला त्या संध्याकाळी नेमकी लाइट गेली आणि सगळी वस्ती अंधारली. आम्ही गच्चीवर गेलो. आईने वर पाहिलं आणि चटईवर बसायचंच विसरली. बराच वेळ ती नुसती मान फिरवत होती.

"इतक्या आहेत?" एवढंच म्हणाली.

बाबांनी तिच्या खांद्याशी उभं राहून अंदाजानेच बोट धरलं. "खाटल्याच्या मांगं, मधला चोर. दिसली का वं?"

या वेळी पंगती खोळंबल्या नव्हत्या. आईने भरपूर वेळ घेतला.

"दिसली. लहानशी आहे. पार चिकटून."

"चला, आता लागलं आपलं लग्न," बाबा म्हणाले.

आईने त्यांचं मनगट धरून बोट थोडं डावीकडे सरकवलं. "तिथं नाही, इथं. तुम्हाले दिसली?"

"हो, दिसली," बाबा लगेच म्हणाले.

"खोटं नका बोलू," आई म्हणाली. "मीही असंच म्हटलं होतं." आणि त्यांचं मनगट तिने सोडलं नाही. "ऑपरेशन झालं की मंग सांगा. मी दाखवीन."