स्टेपनीची जागा

आमच्या मेटॅडोरमध्ये फळीची खाट होती, स्टोव्ह होता आणि पाण्याचा कॅन. नव्वदच्या दशकात आम्ही नवरा-बायको बारामती-इंदापूरचे आठवडी बाजार धरून घोंगड्या विकायचो आणि मुक्काम बाजारतळावर, गाडीतच. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यांची पार चाळण केली होती, म्हणून नवऱ्याने चारही चाकांना मोठे टायर टाकले. स्टेपनी तेवढी जुनी, लहानच राहिली.

स्टेपनी म्हणजे जादा चाक. पण आमच्याकडे हा शब्द ठेवलेल्या बाईलाही लावतात, आणि लावणारे वर डोळाही मारतात. मी नवऱ्याची दुसरी बायको. पहिली आजारपणात गेली, मग मी आले. "वहिनी येकच हुती. ही स्टेपनी," असं धाकटा दीर पहिल्याच बाजारात सगळ्यांसमोर म्हणाला, आणि पुढे प्रत्येक बाजारात. चहावाला हसायचा, शेजारचा मिरचीवाला हसायचा, नवराही दात काढायचा. गेलेल्या बाईशी माझं काही वाकडं नव्हतं. या माणसाशी मात्र होतं. ह्याच्या तोंडून 'वहिनी' वदवून घ्यायचंच, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

बरं, हा फिरायचा आमच्याच गाडीतून. कासरे-दोरखंडांची पोती आमच्या घोंगड्यांवर टाकायची आणि ड्रायव्हरच्या मागच्या एकेरी सीटवर उशी घेऊन ऐसपैस बसायचं. मागे बसायला जागा तेवढी एकच. घोंगड्यांचे गठ्ठे खाटेवर छतापर्यंत असायचे.

एकदा लोणी देवकरच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. लहान स्टेपनी चढवली तर गाडी एका अंगाला कलली आणि तशीच लंगडत बाजारात पोचली. "स्टेपनी ती स्टेपनीच," दीर माझ्याकडे बघत म्हणाला. मी घोंगड्यांच्या घड्या घालत राहिले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मग मोठी स्टेपनी घेतली, ती गाडीच्या पोटाखालच्या जुन्या जागेत मावेना. एमआयडीसीजवळ एका वेल्डिंगवाल्याकडे गाडी लावली आणि दोघे भाऊ चहाला गेले. मिस्त्रीने मागचं दार हलवून पाहिलं. बिजागऱ्या खिळखिळ्या झालेल्या, तिथे एवढं वजन टांगलं तर दारच हातात आलं असतं.

"ताई, खाटंखाली आडवी सरकवतो. मावतीया बगा."

मावत होती. मी स्वतः वाकून पाहिलं.

"नको," मी म्हणाले. "ही शीट काढा. हितंच उभी बसवा."

"मग मानसानं कुठं बसायचं?"

"त्याचं मी बघते. तुमी पक्की बसवा. हलता कामा न्हाय."

ठिणग्या उडायला लागल्या. मी हाताची घडी घालून उभी होते. इतकं बरं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

भाऊ परत आले. दिराने आत डोकं घातलं. "माझी शीट कुठं हाय?"

"काढली, भावजी. तितं आता स्टेपनी बसलीया. तिला उठवता येत न्हाय."

मिस्त्रीने हसू दाबलं. नवऱ्याला ते जमलं नाही, तो भावाकडे बघून खदाखदा हसला. त्याचं ते हसणंही मला आवडलं नाही, पण त्याचं नंतर बघू म्हटलं.

इंदापूरच्या वाटेला लागलो. मी पुढे नवऱ्याशेजारी. दीर मागे पत्र्यावर, पोत्यांच्या बेचक्यात पाय दुमडून. प्रत्येक खड्ड्याला त्याचं डोकं मोठ्या टायरवर आपटत होतं, आणि खड्डे काही कमी नव्हते. थोडा वेळ त्याने दम काढला. मग मागून आवाज आला, अगदी मऊ.

"वहिनी, जरा सरकता का? बसतो कडंला."

"काय म्हणालात?"

"वहिनी, सरकता का म्हटलं."

पुढच्या सीटवर तिघं आरामात मावतात. मी सरकले नाही.