काठोकाठ ताक

पालमच्या एसटीत तो रोज उभाच असायचा, हातात ताकानं काठोकाठ भरलेला तांब्या. झाकण लावायला सांगितलं तर त्याला अपमान वाटे. लेकीला डोहाळे लागले होते, तिला माहेरचंच ताक हवं होतं. बस डावीकडे आदळली की तो उजवीकडे झुकायचा, उजवीकडे आदळली की डावीकडे. एक थेंब सांडत नसे. मी जागा दिली तर म्हणाला, "नगं. खड्ड्यांचं आन् माजं जमलंय."

मग रस्ता नवा झाला. बस सरळ चालली, हा मात्र सवयीनं झुकतच राहिला. अर्धं ताक माझ्या शर्टावर सांडलं. उरलेलं छातीशी धरून तो कळवळून ओरडला, "आवो डायवर, जरा आदळीत चला की! लेक वाट बघायलीय."